धानावर घसरलेली गाडी

माझा लहान भाऊ तिलक गाडी शिकला गोंदियाच्या सायबर कॅफेत, रेसिंगचे गेम खेळून. मी पोटासाठी रोज गाडी चालवतो, तरी घरात कौतुक त्याचंच. कायले?

चोरखमारा गावाच्या वळणावर, चाकांखाली मळणी व्हावी म्हणून लोकांनी रस्त्यावर धान पसरलं होतं. स्टेअरिंगवर तिलक. धान दिसताच त्यानं अ‍ॅक्सिलरेटर सोडला आणि धानावर गाडीची मागची चाकं घसरली. "ब्रेक मार!" मी ओरडलो. त्यानं उलट अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि पुढच्या चाकांनी गाडी ओढून सरळ केली.

"गेममध्ये असंच करतात," म्हणे.

मागं माझी बायको ओमेश्वरी हसून राहिली होती. "भाऊजी, आणखी एक डाव करा ना!"

माझ्या गाडीत ही बाई सरळ रस्त्यावरही डोळे मिटून देवाचं नाव घेते.