करुणा चुका कापत नाही

करुणाच्या एका व्हिडिओखाली 'ताई, आधी धड मराठी शिका, मग जगाला प्रोग्रामिंग शिकवा' अशी कॉमेंट होती. ती खोट्या नावानं मी लिहिली होती. हे माझ्या बायकोला माहीत नाही, ऑफिसात कुणाला माहीत नाही, आणि करुणाला तर नाहीच नाही. जिच्याबद्दल अभिमानानं लिहायला बसलोय, तिची ओळख या वाक्यापासून करून द्यावी लागतेय, त्याला माझा इलाज नाही.

गोंदियात राइस मिलवाल्यांसाठी सॉफ्टवेअर करणारं आमचं छोटंसं ऑफिस आहे. खाली आमच्या मालकांचं, सेठजींचं दुकान, वर आम्ही प्रोग्रामर. त्यात वयानं आणि नोकरीनं मी सगळ्यांत थोरला. करुणा कामठ्याच्या बौद्ध वस्तीतली, रोज बसनं यायची. आई विड्या वळायची, आणि त्या विड्यांवरच पोरगी शिकली. पहिल्याच आठवड्यात तिची एक सवय माझ्या डोळ्यांत भरली. स्क्रीनवर एररची लाल अक्षरं उमटली की आम्ही बाकीचे ती खिडकी झटकन बंद करायचो. करुणा खुर्ची पुढं ओढून एरर मोठ्यानं वाचायची, दारात आलेल्या माणसाची तक्रार ऐकून घ्यावी तशी. मी घाई केली तर म्हणायची, "थांबा ना सर. ते काय म्हनून राहिलं, ते त आयकू द्या."

दुपारी डबे उघडले की आमचा वाद ठरलेला: प्रोग्रामिंग शिकायचं कुठून? एकाला पैसे भरून घेतलेल्या इंग्रजी कोर्सशिवाय काही पटत नसे, दुसऱ्याला हिंदी व्हिडिओ पुरत. मी आपला मूळ डॉक्युमेंटेशन वाचा म्हणून सांगत बसायचो. करुणा भाजीत पोळी बुडवत ऐकायची आणि मग एकदम म्हणायची, "कोर्स लय झाले तुमचे. कोड किती लिवला ते सांगा." एआयला विचारलं की तयार कोड मिळतो, यावरून एकदा कडाक्याचं भांडण जुंपलं. ती म्हणाली, "विचारा ना त्याले, कोन नाई म्हनते? पन देल्लेलं वाचून त पाहा. पावन्यानं आनलं म्हनून काईबी घरात ठेवाचं काय?"

एक दिवस तिनं मला विचारलं, "सर, आमच्या गावच्या पोरीयले इंग्रजी झेपत नाई, पुन्याची मराठी बी झेपत नाई. मी घरच्या बोलीत व्हिडिओ करून पाहू काय?"

"कर ना," मी म्हणालो. चार दिवसांचं खूळ, असं मनात म्हटलं.

तिसऱ्या व्हिडिओत तिनं आईला शेजारी बसवलं. आई सुपात तेंदूपानं घेऊन विड्या वळतेय आणि करुणा सांगतेय, "लूप म्हनजे माही माय. पान घेते, तंबाखू भरते, वळते, धागा बांधते. मंग दुसरं पान. पानं सरले का थांबते." मग तिनं कोड लिहिला, चालवला, आणि स्क्रीनवर आकडे धावत सुटले, थांबेचनात. करुणा खळखळून हसली. "हे पाहा! पानं सरले का थांबाचं, हे सांगाचंच राहिलं. आता माय काई उठत नाई. जेवाले बी नाई!"

आई म्हणाली, "काऊन वो, मले उपाशी मारतेस काय?"

तिनं तो व्हिडिओ मला आधी दाखवला. "एवढा भाग कापून टाक, मग चढव," मी सांगितलं.

"नाई सर. चूक कापाची नाई. पाहनारी पोरगी बी इथंच अडकनार हाये. तिले वाटलं पायजे, का ताईचं बी असंच होते."

व्हिडिओ तसाच चढला. लोकांनी तो एकमेकांना पाठवला. त्याच संध्याकाळी मी ती कॉमेंट लिहिली.

का लिहिली, हे आता सांगून टाकतो. मीही इथलाच, धानाच्या बांधावर वाढलेला. पुण्यात नोकरीला होतो तेव्हा तोंडून 'करून राहिलो' निघालं की आजूबाजूची टेबलं हसायची. मी ती बोली तोंडातून इतकी घासून काढली की पुढं फोनवर माझी आईसुद्धा माझ्याशी जपून बोलायला लागली. आणि ही पोरगी तीच बोली उजळ माथ्यानं बोलत होती, लोक ऐकत होते. मला लाज वाटली की हेवा वाटला, हे अजून धड सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलाशी आली. "सर, माही भाषा खरंच खराब हाये काय?"

"लोकांचं मनावर घेऊ नकोस," मी म्हणालो आणि तिच्यासाठी चहा मागवला.

पुढचे व्हिडिओ 'आता आपण पाहणार आहोत' अशा भाषेत आले. तिची आई म्हणे घरात विचारायची, "कोन बोलून राहिलं वो हे? पावनी आली काय?" करुणा चॅनल बंद करायच्या गोष्टी बोलू लागली. आणि तेवढ्यात माझ्या कॉमेंटखाली उत्तरं यायला लागली. इटियाडोह धरणाकडच्या एका बाईनं लिहिलं, 'ताई, तुमी आपल्यासारखंच बोला. मले पयल्यांदा काई समजून राहिलं होतं.' कुणी मला सुनावलं, 'साहेब, तुमाले नसंल आयकाचं त तुमी जा, आमाले कायले उठवता?' अशी उत्तरांची रांग लागली. करुणा ती आईला वाचून दाखवायची. पुढच्या आठवड्यात ती आपल्या बोलीत परतली.

मी मात्र घाबरलो. खोट्या नावामागचा मी कुणाला सापडलो तर? मी कॉमेंट काढून टाकली. मुख्य नोंद उडवली की तिच्याखालच्या सगळ्या नोंदी उडतात, हे मी ऑफिसात रोज दुसऱ्यांना बजावतो. माझ्या एका ओळीबरोबर त्या सगळ्यांची माया पुसली गेली.

"सर, त्या मानसानं कॉमेंट काढली," करुणा सांगत आली. "सगळ्यायचे उत्तरं बी गेले. काऊन काढली असंल?"

"लाज वाटली असेल," मी म्हणालो. त्या सगळ्या प्रकरणात मी बोललेलं तेवढं एकच खरं.

"लाज कायची? राहू द्याची होती. मी त्याले म्हननार होती, बसा, तुमाले बी शिकवून देईन."

आज भंडारा-चंद्रपूरपर्यंतच्या पोरी तिच्याकडून शिकतात आणि आपले एरर तिला कौतुकानं पाठवतात. जंगलपट्ट्यातल्या एका मुलीनं हेच धडे गोंडीत करू का म्हणून विचारलं, तर करुणानं आपलं सगळं साहित्य तिच्या हवाली केलं. वर निरोप दिला, "फक्त चुका कापू नको." गिऱ्हाईक आलं की सेठजी वर हाक मारतात, "करुणा बेटी, जरा नीचे आना," आणि पाहुण्याला म्हणतात, "यही है वो." तेव्हा जिन्याच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माझीही छाती फुगते. हा अभिमान खरा आहे. त्याच्यावर माझा हक्क किती, तो प्रश्न वेगळा.

गेल्या महिन्यात नागपुरात धडे तयार करण्याचीच नोकरी मिळाली म्हणून ती गेली. निरोपाला समोसे होते, कामठ्याहून आईही आली होती. करुणा सगळ्यांसमोर म्हणाली, "सर नसते त मी त्या कॉमेंटनंतरच चॅनल बंद केलं असतं. त्यायनं मले धीर देल्ला." टाळ्या पडल्या. आईनं जय भीम केला आणि तंबाखूच्या वासाच्या हातांनी माझा हात धरला. "तुमचे लय उपकार हायेत, मास्तर." मला बोलायला उभं केलं. करुणाचा अभिमान वाटतो, एवढंच बोलून मी खाली बसलो.

ती चूक मी कापली. इथं लिहिल्यानं ती जागेवर येत नाही, कारण करुणा हे वाचेलच असं नाही. तो व्हिडिओ अजून तिथं आहे, तिच्या हसण्यासकट, आईच्या बोलण्यासकट. त्याच्याखाली तीच ओळ माझ्या खऱ्या नावानं पुन्हा लिहिणं आणि करुणा जे उत्तर देईल ते सगळ्यांदेखत ऐकून घेणं, एवढं मी तिला देणं लागतो. ते मी अजून दिलेलं नाही.