मामीच्या मिरच्या

आमच्या घरमालकिणीला, म्हणजे मामीला, मिरचीचं रोप उपटून फेकणं आयुष्यात कधी जमलं नाही. वाफ्यात दाट उगवलेल्या रोपांतली चार चांगली ठेवायची आणि बाकीची काढून टाकायची, हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण रोप हातात आलं की ती म्हणायची, "उगवलंच हाये बिचारं, तं फेकू कुठं?" मग ते रोप परसात जायचं, परस भरला की मोरीच्या कडेला, मग फुटक्या बादलीत. एक तर माझ्या नवऱ्याच्या जुन्या हेल्मेटमध्ये वाढलं आणि त्याला सगळ्यांत जास्त मिरच्या लागल्या. मामा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी सुरतेला दिलेली. एकट्या बाईला दोन झाडं पुष्कळ होती. मामीकडे पन्नास-साठ असायची.

रोहिणखेडच्या शाळेत माझी पहिली नेमणूक झाली आणि आम्ही तिच्या दोन खोल्यांत राहायला आलो. पहिल्याच आठवड्यात माझ्या उंबऱ्यावर सूपभर मिरच्या आल्या, दुसऱ्या आठवड्यात पुन्हा. ठेचा झाला, लोणचं झालं, ताकात मुरवून वाळवणं झाली, तरी मिरच्या संपेनात. नवऱ्याने एकदा भीत भीत विचारलं, "आज वरणात तरी नाही ना?" मामीच्या दारात येणारा कुणी रिकामा जात नसे. पण मिरची हातात दिली की भांडण होतं यावर तिची पक्की श्रद्धा. वीजबिल घेऊन आलेल्या एका नव्या माणसाने भोळेपणाने हात पुढे केला, तशी ती दोन पावलं मागे सरकली. "तुह्या-माह्यात काऊन भांडण लावतं बाबू? ओट्यावरून उचल." त्याने मुकाट्याने उचलल्या. पुढच्या महिन्यात तो बिल फाटकालाच अडकवून गेला.

तिची खरी करामत जिभेत होती. सकाळी तोडणी झाली की प्रत्येक झाडाची एक मिरची देठाजवळ मोडायची, जिभेच्या टोकाला लावायची आणि डोळे मिटून निकाल द्यायचा. ही ठेच्याची, ही भाजीची, ही ताकातली. मी म्हटलं, "मामी, झाड तेच, मग रोज काय चाखायचं?" तर म्हणाली, "तू रोज एकसारखी राह्यतं का? काल तं चांगली चिडेल होती." चिडले होते खरी.

एवढं वाटूनही जे उरायचं, त्याची पौषात गल्लीला भाजी व्हायची. आमच्याकडे मिरचीची भाजी म्हणतात तेव्हा मिरची फोडणीपुरती नसते, भाजीच तिची असते. तुरीच्या डाळीत मिरच्या आणि वांगी शिजवून घोटायची, वर शेंगदाणे, आणि सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकर. तिखट आणि सोसवेल यांच्यामध्ये एक बारीक रेघ असते. मामी दरवर्षी त्या रेघेवर बरोबर उभी राहायची. समोरचे शिलाईवाले बापू पहिला घास घेऊन दरवर्षी म्हणायचे, "मामी, औंदा फिकी झाली." मामी दरवर्षी चिडायची आणि त्यांना वाढायची शेवटी.

मी तिथे असतानाच्या चौथ्या वर्षी दिवाळीनंतर मामीला ताप आला. आठ-दहा दिवसांत उतरला. ती पुन्हा परसात दिसू लागली, मिरची मोडून जिभेला लावू लागली, निकाल देऊ लागली. ठेचा जरा वेगळा लागतो असं मला वाटलं, पण आजारातून उठलेल्या माणसाला काय बोलायचं.

पौषात गल्ली पंगतीला बसली. मी पहिला घास घेतला आणि माझ्या कानांतून वाफ निघाली. शेजारच्या काकूंनी पदर डोळ्याला लावला. मामी हातात पळी घेऊन उभी होती, आणि ती बापूंकडे बघत होती. बापूंचे कान लालभडक झाले होते, डोळ्यांतून पाणी सरळ मिशीत उतरत होतं. त्यांनी घास गिळला, दम घेतला.

"मामी," ते म्हणाले, "औंदाई फिकीच झाली."

मग सगळ्यांनी मागून घेतली. पातेलं रिकामं झालं. मामी मात्र त्या दिवशी चिडली नाही.

भांडी आवरताना तिने मला विचारलं, "खरं सांग मॅडम, लय तिखट झाली न?"

"हो."

"मले तापापासून काहीच लागून नाही राह्यलं व. ना मीठ, ना तिखट. सारी माती." तिने पळी पुसून खुंटीला लावली. "वाटलं, हाताले तं ठाऊक हाये. हातालेई नव्हतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला परसात बोलावलं. मिरची मोडून ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, "लाव जिभेले." मी काय सांगते याकडे तिचं लक्षच नव्हतं. ती माझ्या कपाळाकडे, नाकाच्या शेंड्याकडे, डोळ्यांकडे बघायची आणि स्वतः निकाल द्यायची. पुढची दोन वर्षं शाळेत जाण्याआधी माझं हेच काम होतं. वर्गात शिरायचे तेव्हा नाक वाहत असायचं. पुढच्या पौषातली भाजी चोख झाली. इतकं मानाचं काम मला नोकरीने कधी दिलं नाही.

मग बुलढाण्याला बदली झाली. मामी अंथरुणाला खिळल्याचं बापूंनी फोनवर कळवलं, तशी मी गेले. सुरतेची मुलगी येऊन राहिली होती. मामी अगदी एवढीशी झाली होती. पेजही जात नाही, पाणीही नको म्हणते, असं मुलगी सांगत होती. मला पाहून मामीने परसाकडे बोट केलं. मी एक मिरची तोडून आणली, तिच्यासमोर बसले, देठाजवळ मोडली आणि जिभेला नुसती न लावता सरळ चावली. डोळ्यांना धारा लागल्या. त्या सगळ्या मिरचीमुळे होत्या असं मी म्हणणार नाही. मामी माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली. तिचे ओठ हलायला लागले, कपाळावर घाम आला.

"बस व माय, बस," ती म्हणाली. "लय तिखट हाये. मले पाणी दे."

मुलगी तांब्या घेऊन धावली. मामी उशाला टेकून सगळा तांब्या प्यायली.