जाळ्याचं शिसं

रिपोर्ट वाचून मेंदूच्या डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "काकी, काकांच्या रक्तात शिसं खूप जास्त आहे. घरात शिशाचं काही काम चालतं का?"

मी बोलायच्या आधी आमचे हेच बोलले, "जाळी करतो ना मी."

आमचे हे ट्रक ड्रायव्हर. कशेडी घाटाचं वळण न् वळण पाठ असलेला माणूस. गाडी सोडल्यावर सावित्री नदीत मासे पकडायचा नाद लागला. हाताने फेकायची जाळी स्वतः विणायचे. जाळं तळाला बसावं म्हणून कडेला शिशाचे मणी लागतात. गॅरेजमधल्या जुन्या बॅटऱ्यांचं शिसं आणून मागच्या पडवीत वितळवायचे आणि मणी दोरीवर दातांनी दाबून बसवायचे. पावसाळ्यात पडवीला ताडपत्री असायची. धूर घरातच फिरायचा.

आधी झोप गेली. मग पोट दुखायला लागलं. महाडला झोपेची गोळी मिळाली. वय झालं, असं आम्ही सगळेच म्हणालो. पुढे यांना शब्द सापडेनात. एकदा नदीवरून घरी यायची वाट चुकले आणि थेट पोलादपूरला सापडले. तेव्हा मुलीने मुंबईला नेलं.

तिथे एमआरआय झाला, म्हणजे मेंदूचे फोटो. रक्त कमी निघालं, हिरड्यांवर निळसर रेघ दिसली, म्हणून ब्लड लेड सांगितलं, म्हणजे रक्तातल्या शिशाची तपासणी. मग कीलेशन. त्या औषधाने शिसं लघवीवाटे बाहेर पडतं.

"झोप सुधारेल," डॉक्टर म्हणाले. "आठवण किती परतेल, सांगता येत नाही. थोडा भाग वयाचाही असेल."

तसंच झालं. झोप आली, आठवण परतली नाही. तुमच्या घरात कुणाची झोप उडाली तर डॉक्टरांना नुसतं वय सांगू नका. तो माणूस दिवसभर हाताने काय करतो, तेही सांगा. आम्हाला ते फार उशिरा सुचलं.

माझ्याही रक्तात थोडं शिसं निघालं. आता उतरतंय.

हे सारखे विचारतात, "माझी जाळी कुठं हायत?" मी सांगते, शिसं बाधलं तुम्हाला, म्हणून टाकून दिली. दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा चेहरा पडतो.

"मग तुला पण बाधलं असंल गो?"

एकदा खरं सांगितलं होतं. हे खूप रडले, आणि जेवणं होईपर्यंत विसरून पुन्हा तेच विचारलं.

"नाय," मी म्हणते.

"बरं झालं," म्हणतात, आणि कुशीवर वळून झोपतात.