दाजींच्या वतीने पेशंट

चारचौघांत मोठ्या आवाजात बोलायला आमचे दाजी कचरतील असा एकही विषय या जगात नाही, अशी माझी वीस वर्षं पक्की समजूत होती. दाजी म्हणजे माझे साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आक्कांचे यजमान. मुक्काम मुरगूड. सगळी नोकरी जनावरांच्या दवाखान्यात झाली, आणि त्यातला बहुतेक काळ गावोगावच्या गोठ्यांत म्हशींचं कृत्रिम रेतन करण्यात आणि बैल खच्ची करण्यात गेला. त्यामुळे माज, गाभण, वेत, भाकड हे शब्द त्यांच्या तोंडी आपल्या चहा-पोह्यांसारखे येतात. माझ्या साखरपुड्यात दोन्हीकडची वडीलधारी मंडळी पंगतीला बसली असताना, म्हैस न ओरडता मुक्या माजावर आलेली कशी ओळखायची, हे त्यांनी माझ्या आत्याबाईंना भात वाढेपर्यंत समजावून सांगितलं. आत्याबाई कोल्हापूर शहरातल्या, त्यांनी म्हैस जवळून पाहिली ती दुधाच्या पिशवीवर. त्या मान खाली घालून ऐकत राहिल्या, आणि ऐकणारा मिळाला म्हणून दाजी खूश झाले.

माणसांकडेही ते जनावर तपासावं तसंच बघतात. नमस्काराआधी चाल बघतील, मग डोळे, मग अंगावरचा तजेला. आमच्या शाळेचे मुख्याध्यापक एकदा घरी आले होते. दाजी त्यांच्याकडे दोन मिनिटं टक लावून बघत राहिले आणि म्हणाले, "सर, डाव्या पायावर भार टाकत न्हाय तुम्ही. खुब्यात काय तरी हाय." मुख्याध्यापकांना राग आला. पण वर्षभरात त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांनी दाजींना पेढ्यांचा बॉक्स पाठवला. दाजींनी तो एकट्याने संपवला, आणि दाजींना तेव्हा डायबेटिस होऊन आठ वर्षं झाली होती.

या डायबेटिसशी त्यांचं वागणं दूरच्या पाहुण्यासारखं होतं. आलाय तर राहू दे, आपण लक्ष द्यायचं नाही. पंचक्रोशीतल्या म्हशींच्या विण्याच्या तारखा त्यांना तोंडपाठ, पण स्वतःची गोळी जेवणाआधीची की नंतरची, हे आक्कांना विचारावं लागे. डॉक्टरांनी साखर बंद सांगितली तेव्हा त्यांनी चहात गूळ टाकायला सुरुवात केली. "गूळ बैलाला पण चारतात की," असं त्यावर त्यांचं म्हणणं. उसाचा रस तर त्यांनी पाण्यातच धरलेला.

असा हा माणूस निवृत्तीनंतर हळूहळू गप्प झाला. पोट सुटलं, हातापायांच्या काड्या झाल्या. जेवून जे आडवे होत ते पाच वाजताच उठत. पुतण्याच्या लग्नात खुर्चीवर बसून राहिले, आचाऱ्याला एकदाही बोल लावला नाही. शेजाऱ्याने त्यांच्यादेखत लंगडी म्हैस विकत घेतली, तरी यांनी तोंड उघडलं नाही. आमची मंडळी घरी येऊन म्हणाली, "दाजी किती शांत झालेत, नाही? आक्काला जरा सुख." पण फोनवर आक्का "शांत झालेत" म्हणाल्या की त्यांच्या आवाजात सुख नसायचं. दाजी आता आतल्या खोलीत नाही, बाहेर सोप्यात झोपतात, एवढंच एकदा त्या बोलून गेल्या आणि लगेच त्यांनी मिरच्यांचा विषय काढला.

मग एका सकाळी दाजींचा फोन आला. "पावणं, त्या हार्मोनच्या डॉक्टरकडं जायचं हाय. साखरेच्या डॉक्टरनं चिठ्ठी दिलीया. तुम्ही संगं चला. आणि घरात बोलू नका."

कोल्हापूरच्या स्टँडवर उतरल्यावर समोरच्या हॉटेलात आम्ही चहा घेतला. दाजींनी बिनसाखरेचा मागवला, तेव्हाच मी ओळखलं की प्रकरण गंभीर आहे. मग म्हणाले, "मी किती बैल खच्ची केलं त्याला मोजदाद न्हाय. त्यो चिमटा बसला की काय हुतंय, मला तोंडपाठ हाय. अंगावर मांदं चढतं. मान गळती. गाय समोरनं गेली तरी बैल वळून बघत न्हाय. कुणी हुसकलं तरी भांडत न्हाय." त्यांनी कप बाजूला सारला. "माझं तसंच झालंय, पावणं. दोन वर्सं झाली. त्या मुक्या जनावरांचा तळतळाट तर न्हवं?"

मी शिक्षक माणूस, वर्गात शंभर प्रश्नांची उत्तरं देतो. या प्रश्नावर मी चहाचे पैसे द्यायला उठलो.

डॉक्टर निघाल्या बाई. चाळिशीच्या, मृदू आवाजाच्या. आत शिरताच दाजी दारातच थबकले, मीच त्यांना खुर्चीपर्यंत नेलं. साखर, बीपी, कंबरेचा घेर इथपर्यंत त्यांनी उत्तरं दिली. मग बाईंनी सहज विचारलं, "उत्साह कसा आहे? पती-पत्नीच्या संबंधांची इच्छा पूर्वीसारखी वाटते का?" माझ्या आत्याबाईंना मुका माज समजावून सांगणारा हा माणूस कानापर्यंत लाल झाला. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "तसला तरास ह्यांना हाय. आमच्या साडूंना."

पुढची दहा मिनिटं मी दाजींच्या वतीने पेशंट होतो. "थकवा कधीपासून?" बाईंनी मला विचारलं. दाजींनी टेबलाखाली दोन बोटं दाखवली. "दोन वर्षं," मी म्हणालो. "इच्छा?" दाजींनी खाली बघून मान हलवली. "नाही," मी म्हणालो, आणि मनातल्या मनात बायकोची क्षमा मागितली. "दाढी पूर्वीपेक्षा कमी वेळा करावी लागते का?" दाजींनी जोरात होकार भरला, म्हणून मीही "हो" म्हणालो. माझी दाढी तेव्हा शर्टाच्या दुसऱ्या बटनापर्यंत आली होती. बाई त्या दाढीकडे जरा वेळ बघत राहिल्या. मग अजिबात न हसता त्यांनी दाजींची फाईल पुढे ओढली आणि तपासण्या लिहीत म्हणाल्या, "साडूंच्या त्रासाचं रक्त आपण तुमच्या हातातून घेऊ. सकाळी, उपाशीपोटी. हार्मोन कमी आलं तर पुन्हा एकदा तपासू."

दोन्ही वेळा टेस्टोस्टेरॉन कमी आलं. रिपोर्ट बघायला गेलो तेव्हा दाजींनी खुर्ची पुढे ओढली आणि स्वतःच विचारलं, "मॅडम, बैलांचा तळतळाट लागतो का?"

बाईंनी चष्मा काढून ठेवला. "नाही लागत," त्या म्हणाल्या. "पोटावरची चरबी आणि वाढलेली साखर हे हार्मोन खाली आणतात. ते खाली आलं की चरबी आणखी वाढते. डायबेटिसच्या पुष्कळ पुरुषांत हे दिसतं, बहुतेक जण सांगत नाहीत. तुम्ही सांगितलंत." माझ्याकडे बघून त्यांनी दुरुस्ती केली, "म्हणजे, यांनी सांगितलं." इंजेक्शन देता येईल, पण आधी प्रोस्टेटची आणि रक्ताची तपासणी करायची, नंतरही मधूनमधून करत राहायची. आणि ते साखरेचं औषध नव्हे, गोळ्या, चालणं, जेवणातलं पथ्य चुकणार नाही. "हे घेताना मूल राहणं अवघड होतं. अजून मूल हवंय का?" दाजी म्हणाले, "नात बालवाडीत हाय की." शेवटी बाईंनी विचारलं, "घरी माहीत आहे?" दाजींनी फाईल आवरायला घेतली. "मग आधी घरी सांगा," त्या म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर दाजींनी योजना मांडली. मी माझ्या बायकोला सांगायचं, तिने आक्कांना सांगायचं, आणि आक्कांनी त्यांना काही विचारायचं नाही. मी नाही म्हणालो. वीस वर्षांत त्यांना पहिल्यांदाच नाही म्हणालो असेन.

पुढे काय झालं ते मला आक्कांनीच सांगितलं. दाजींनी गोठ्यात, धारा काढून झाल्यावर, म्हशीच्या पाठीवर हात ठेवून सगळं सांगितलं. आक्कांकडे तोंड नव्हतं, म्हशीकडे होतं. आक्कांनी ऐकून घेतलं आणि दुधाची चरवी खाली ठेवली. त्याच्या दोन वर्षं आधी आक्कांचं गर्भपिशवी काढण्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि नेमके त्याच सुमाराला दाजी सोप्यात झोपायला गेले होते. आक्का म्हणाल्या, "मला वाटलं, माझी पिशवी काढली म्हणून तुमचं मन उडालं." त्यावर दाजी म्हशीला सोडून वळले. "तसलं काय बी न्हवतं गं," एवढंच म्हणाले, आणि तेच तीन-चारदा म्हणत राहिले.

इंजेक्शनं चालू झाली त्याला आता वर्ष होऊन गेलं. दाजी काही पंचविशीचे झाले नाहीत. मध्ये एकदा रक्त घट्ट झालं म्हणून बाईंनी डोस पुढे ढकलला, तर "आमचं रक्तच घट्ट हाय," म्हणून त्यांनी गावभर सांगून घेतलं. पट्टा दोन भोकं आत आला. साखर पूर्वीपेक्षा बरी आहे, अर्थात त्यात गूळ सुटल्याचा आणि रोजच्या चालण्याचा वाटा किती, हे बाईही छातीठोकपणे सांगत नाहीत. आचाऱ्यांशी भांडणं पुन्हा सुरू झाली आहेत.

दिवाळीनंतर मी मुरगूडला गेलो होतो. सकाळी तळ्याच्या रस्त्याने आम्ही तिघं फिरायला निघालो. आक्कांचे गुडघे दुखतात, त्या मागे पडल्या आणि एका पुलाच्या कठड्यावर टेकल्या. आम्ही थोडं पुढे गेलो. मी विचारलं, "आता बरं वाटतंय ना, दाजी?"

"बरं हाय," ते म्हणाले. चार पावलं गेले आणि थांबले. "पण ती दोन वर्सं, पावणं. ती तिकडं रडत हुती, मी हिकडं भिंतीकडं तोंड करून पडलोवतो. मधी एक दार. नुसतं ढकलायचं हुतं."

तळ्यावर धुकं होतं, पलीकडचा काठ दिसत नव्हता. दाजी मला तिथंच सोडून माघारी गेले, आणि कठड्यावर आक्कांच्या शेजारी जाऊन बसले.