वांगी भाजून झाली तरी भाषण चालूच

ती चौकशी आठवली की आजही मला एकट्याला हसू फुटतं. घरच्यांना वाटतं, म्हाताऱ्याला काहीतरी झालं. खून, दरोडे, गुरांच्या चोऱ्या असं बरंच काही मी नोकरीत पाहिलं, पण लोकांना सांगावीशी वाटते ती हीच हकिकत.

तेव्हा मी नंदुरबारच्या ठाण्यात फौजदार होतो. आमचा जिल्हा पश्चिम खानदेश आणि वरिष्ठ साहेब बसत धुळ्याला. चळवळीचे दिवस होते. चार माणसं एकत्र जमली की ठाण्याच्या डायरीत नोंद करावी लागे. मग ती मयताला का जमलेली असेनात!

अशातच एका सकाळी टपालातून एक निनावी अर्ज आला. त्याची नक्कल धुळ्यालाही गेली होती. मजकूर साधारण असा होता: गावाबाहेरच्या मळ्यात दर महिन्याला एका रविवारी काही इसम जमतात. फाटक आतून बंद करून पहारा ठेवतात. दोन इसम लाकडी दांडकी घेऊन सज्ज असतात. डोंगरातील माणसे आणून त्यांच्या भाषेत सरकारविरुद्ध खलबते चालतात. ही खलबते इतकी लांबतात की वांगी भाजून, सोलून होतात तरी संपत नाहीत.

मी हवालदाराला हे मोठ्यानं वाचायला लावलं. वांग्यापाशी येऊन तो थबकला. "साहेब, कटात वांगी कसाले?"

"तेच तर शोधायचंय," मी म्हणालो.

हसण्यावारी नेण्यासारखं मात्र काही नव्हतं. मळ्यात जमणारी मंडळी म्हणजे आमच्या गावचं भोजन मंडळ. महिन्यातून एकदा एकत्र जेवायचं आणि जेवणाआधी एका जाणकाराचं बोलणं ऐकायचं, असा त्यांचा नेम. मंडळाचे चिटणीस शाळेचे हेडमास्तर. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणे. पेन्शनला दोन वर्षं राहिली होती. चळवळीशी संबंध असलेल्या शिक्षकाला नोकरीतून काढण्याचा हुकूम तेव्हा नुकताच निघाला होता. माझ्या अहवालात 'संशयास्पद' एवढा एक शब्द पडला असता, तर गुरुजींची नोकरी गेली असती आणि पेन्शनही. धुळ्याहून तार आली: समक्ष चौकशी करा, अर्जदार शोधा, पंधरा दिवसांत अहवाल पाठवा.

मी गुरुजींना ठाण्यात बोलावलं. ते वही घेऊनच आले.

"फौजदारसाहेब, ही वक्त्यांची यादी. आगगाडीचे ड्रायव्हर झाले, विंचवाचं विष उतरवणारे वैदू झाले. गेल्या महिन्यात तळोद्याच्या वरच्या डोंगरातून मध काढणारा एक म्हातारा आला होता."

"तो कोणत्या भाषेत बोलला?"

"त्याच्या भाषेत. मी त्या पाड्यांवर नऊ वर्षं शिकवलंय. तो बोले, मी मराठीत सांगे. अहो, काय बोलला तो! पोळ्याजवळ जाताना माणसानं मनातला राग खाली ठेवून जावं, म्हणाला. तुम्ही येत्या रविवारी याच."

माणूस एवढा निर्मळ, की मला माझ्याच खुर्चीची लाज वाटली. पण लाज वाटून कागद बंद होत नाही. अर्जदार सापडला नसता, तर पुढच्या महिन्यात दुसरा अर्ज आला असता.

रविवारी सकाळी मी आणि हवालदार साध्या वेषात मळ्यावर गेलो. कसला साधा वेष! फाटकावरच्या माणसानं दुरूनच हाक दिली, "या फौजदारसाहेब, हवालदार, लवकर आत या. बकऱ्या घुसतीस!" फाटक बंद ठेवण्याचं कारण तिथंच कळलं. मागे एकदा शेजारच्या बकऱ्यांनी पंगतीची केळीची पानं फस्त केली होती. दांडकीही दिसली. भाजलेली वांगी काथवटीत ठेचायला दोन धट्टेकट्टे गडी लाकडी बडगे घेऊन उभे होते. आमच्या खानदेशात भरीत असंच करतात. हवालदारानं माझ्याकडे पाहिलं आणि तोंडावर हात धरला.

त्या दिवशी जमिनीखालचं पाणी सांगणारा पाणाड्या बोलला. कोणती झाडं कुठं वाढतात, वारुळं कुठं असतात, यावर त्यानं असं काही सांगितलं की मी चौकशी विसरून पुढं सरकून बसलो. मध्येच मागं नजर गेली. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळाशी आचारी बसला होता. एकदा वक्त्याकडे बघे, एकदा तव्याकडे, आणि कपाळावर हात मारी. सभासदांपैकी कुणाचंच तिकडं लक्ष नव्हतं.

जेवणं झाल्यावर मी एकेकाला आंब्याखाली बोलावलं. प्रश्न एकच: मध काढणारा किती वेळ बोलला?

खोटं बोलणारा माणूस मोठ्या प्रश्नाची तयारी करून येतो, असल्या बारक्या प्रश्नाची करत नाही. गुजर पाटील म्हणाले, "असेल अर्धा तास." मारवाडी शेटजी म्हणाले, "अर्धा तास भी नही, हां हां म्हणता संपलं." गुरुजी म्हणाले, "वीस मिनिटं. अजून हवं होतं." सगळे खरं बोलत होते. रंगलेल्या माणसाचं घड्याळ असंच चालतं.

शेवटी आचारी आला. पन्नाशीचा, अंगानं भरलेला, हाताला राख.

"मध काढणारा किती वेळ बोलला रे?"

तो उसळलाच. "काय सांगू साहेब! तो एक गोट सांगे, मंग गुरुजी तीच गोट मराठीमा सांगेत. वांगा भाजाई गयात, सोलाई गयात, तरी भाषण चालूच! भाकरी निस्त्या थंड्यागार!"

मी खिशातून अर्ज काढला आणि शेवटची ओळ वाचून दाखवली. त्याचा चेहरा राखेसारखा झाला.

"हा अर्ज तू लिहवून घेतलास?"

"हा साहेब, मीच लिहाडेल शे. पण मी इतलंच सांगेल व्हतं का भाषण आवरा, भाकरी थंडी व्हस."

"यात सरकारविरुद्ध खलबतं म्हटलंय. गुरुजींची नोकरी जायची वेळ आलीय."

तो मटकन खाली बसला. "मन्हा गुरुजी? मन्हा पोरले त्यासनी घरमा ठेईसन शिकाडं, साहेब. त्यासले तोंडवर कसं सांगू, का तुम्ही लई बोलतस? म्हनीसन तो कचेरीसमोरना अर्जवाला... माले धरा साहेब, त्यासले नका धरू!" आणि तो लहान मुलासारखा रडू लागला.

अर्जनवीसाला दुसऱ्या दिवशी ठाण्यात आणलं. पंचवीस वर्षं अर्ज लिहिणारा माणूस, कान्याकोपऱ्यातले सगळे कायदेशीर शब्द त्याला पाठ.

"आचाऱ्यानं काय सांगितलं होतं?"

"भाकरी गार होते, साहेब."

"मग खलबतं कुठून आली?"

त्याला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "साहेब, नुसती भाकरी गार होते असं लिहिलं असतं, तर तुम्ही वाचलं असतं का?"

मी त्याच्यावर एवढा ओरडलो की बाहेरचा शिपाई धावत आत आला. त्याला सक्त समज दिली आणि या कानाचं त्या कानाला न करण्याची शपथ घातली. अहवालात लिहिलं: मंडळ निव्वळ भोजन व ज्ञानार्जनाकरिता, आक्षेपार्ह काही आढळले नाही, अर्जदार निष्पन्न, अर्ज गैरसमजातून, कागद दप्तरी दाखल करावा. धुळ्याच्या साहेबांनी खाली सही केली आणि भरताची कृती मागवली. गुरुजी वाचले!

गुरुजींना मी एवढंच सुचवलं, की बोलण्याला काहीतरी बंधन घाला. तेव्हापासून नेम झाला: वांगी सोलून झाली की आचाऱ्यानं परातीवर पळी वाजवायची. पळी वाजली की वक्ता कोणीही असो, वाक्य अर्धं टाकून पानावर बसायचं.

दोन महिन्यांनी मंडळानं पुढचा वक्ता म्हणून मलाच बोलावलं. विषय, निनावी अर्ज. मी खुशीत होतो. म्हटलं, अर्जात दहा ओळी लिहिणाऱ्याच्या असतात, पण एक ओळ तक्रारदाराच्या पोटातली असते. ती शोधावी, म्हणजे माणूसही सापडतो आणि त्याचं दुखणंही. या मंडळानं मला तेच शिकवलं. मग ओघात बोलून गेलो, "तुमच्याविरुद्धही असाच अर्ज आला होता. तो माणूस कोण, ते..."

ठण ठण ठण! परात अशी वाजली की झाडावरची पाखरं उडाली.

मंडळी लगबगीनं पंगतीला बसली. पानं मांडली. बसून राहिलो. काही येईना. गुरुजी उठून चुलाणाकडे गेले. "अरे, हे काय? वांगी अजून कच्ची आहेत. पऱ्हाट्या आत्ता कुठं पेटल्यात!"

आचाऱ्यानं पळी अजून उगारलेलीच होती. तो माझ्याकडे बघत होता. माझी चूक माझ्या ध्यानात आली.

मी पानावरूनच मोठ्यानं म्हणालो, "माझं वाक्य अर्धं राहिलं, ते पुरं करतो. तो माणूस कोण, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं, मग आचाऱ्याकडे पाहिलं. म्हणाले, "सापडला असता तर मी त्याला पहिलं पान वाढलं असतं. त्याच्यामुळं आम्ही गरम जेवायला लागलो." आणि त्यांनी स्वतः खाली बसून जाळात पऱ्हाट्या सारल्या.

आचाऱ्यानं पदरासारखं उपरणं तोंडाला लावलं. रडत होता की हसत होता, ते त्यालाच ठाऊक.

रिकाम्या पानासमोर आम्ही अर्धा तास बसलो आणि त्या अर्ध्या तासात मंडळी जेवढी हसली तेवढी नंतर कधी हसली नसतील. भर सभेत मी नोकरीत एकदाच खोटं बोललो. त्या दिवशी ज्वारी-उडदाच्या कळण्याची पहिली भाकरी आचाऱ्यानं कुणालाच दिली नाही. तव्यावरून उचलून, बोटं भाजत धावत आला आणि थेट माझ्या पानात टाकली.

"खा साहेब," म्हणाला, "गरम शे."