भिंग लावलेलं असताना

१८ जून, मंगळवार. हवा कोरडी. सकाळी गॅस संपला. नातीच्या कॉलेजची फी भरायचा आज शेवटचा दिवस, पाच वाजेपर्यंत.

एवढं लिहून आजीने पेनाला टोपण लावलं. रोजनिशी ती दोनदा लिहायची. सकाळी काय व्हायचं आहे ते, संध्याकाळी काय झालं ते. मिशनच्या शाळेत सिस्टरांनी लावलेली ही सवय साठ वर्षांत मोडली नव्हती.

घराच्या पुढच्या खोलीत घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. आधी तिच्या नवऱ्याचं, आता लेकीचं. तिथला नियम नवऱ्याने घातलेला: ज्याच्या डोळ्याला भिंग आहे त्याच्याशी बोलायचं नाही. चिमट्यात केसाएवढी स्प्रिंग असते. हाक मारली, हात हलला, की ती उडालीच, मग घरादाराने रांगत शोधायची. गिऱ्हाईकसुद्धा काउंटरशी मुकाट उभं राहायचं.

दुपारी जेवताना नातीने विचारलं, "आई, भरणार आहेस का नाही?"

"वर्षभर दुकानात बस. स्वतःची फी स्वतः कमव. मीही तेच केलं."

"आणि कॉलेजात कधी गेलीस?"

"नाही गेले. पण कुणापुढे हात नाही पसरला. बाबांनी पैसे दिले असते ना, तर आज मी कुठल्यातरी ऑफिसात जांभया देत बसले असते."

"आजोबांनी तुझ्या हातात कला तरी दिली. तू मला काय देतेस? उपदेश."

"फुकट आहे, घे."

अंगकाठीमुळे नातीला सगळे 'काटा' म्हणत. काटा ताट उचलून आत गेली. लेक भिंग लावून कामाला बसली.

आजीने उरलेलं झाकून ठेवलं. तिला राग आला नाही. खरं तर नवरा गेल्यापासून आत काही हलतच नसे, हात तेवढे कामं करत. त्या हातांनी कपाटातून बत्तीस वर्षांपूर्वीची वही काढली. पान शोधावं लागलं नाही.

त्या दिवशी लेक प्रवेशाचा फॉर्म घेऊन दुकानाच्या दारात उभी होती. बापाच्या डोळ्याला भिंग. फीचं पाकीट त्याने सकाळीच बँकेतून आणून हत्यारांच्या ट्रेखाली सरकवलं होतं. पोरीने तोंडाने मागावं, एवढीच त्याची अट, आणि ती त्याने फक्त बायकोला सांगितलेली. पोर नियम पाळून गप्प उभी राहिली. त्याने भिंग काढलं नाही. तिला तेच उत्तर वाटलं, आणि ती निघून गेली. आजी ओल्या हातांनी मधल्या दारातून सगळं बघत होती. नियम तिनेही पाळला. मुदत टळली, पाकीट बँकेत परत गेलं, लेक दुकानातल्या बाकावर कामाला बसली. पुढे स्वावलंबनाची ती गोष्ट बापलेक दोघंही चारचौघांत सांगायचे. आजी कशाला मोडता घालेल?

तीन वाजता ती वही घेऊन दुकानात गेली. लेकीच्या चिमट्यात स्प्रिंग होती.

"बाबांनी तुझ्या फीचे पैसे काढून आणले होते," आजी म्हणाली. "तू फॉर्म घेऊन उभी होतीस ना, तेव्हा ट्रेखाली होते."

लेकीचा हात हलला. स्प्रिंग गेली कुठेतरी. एवढी हलकी वस्तू पडल्याचा आवाजही येत नाही.

"आई, मी काम करतेय."

"दिसतंय मला. त्या दिवशीही दिसत होतं."

आजीने वही पुढे ठेवून ओळीवर बोट ठेवलं. लेकीने भिंग न काढताच पानावर वाकून एकेक शब्द वाचला.

"मग तू का नाही बोललीस?"

"त्यांनी भिंग लावलं होतं."

"मी समजले, बाबा नाही म्हणाले."

"काहीच म्हणाले नाहीत."

"मी अजून थोडा वेळ थांबले असते तर?"

"माहीत नाही."

लेकीने भिंग काढलं. डोळ्याभोवती गोल वळ उठला होता. तिने घड्याळाकडे पाहिलं, मग गल्ल्याची किल्ली शोधली.

"काट्याला म्हणावं, चप्पल घाल. कागद सगळे घे. आणि तू इथे झाडू मारू नकोस, स्प्रिंग जाईल कचऱ्यात."

साडेतीनलाच शटर खाली आलं. आजी रिकाम्या दुकानात थोडा वेळ बसून राहिली. आता काहीतरी वाटेल, असं तिला वाटलं होतं. मग उठून तिने दुपारची भांडी घासली.

संध्याकाळी तिने लिहिलं: फी चार चाळीसला भरली. नवा सिलिंडर आला. पुढची खोली झाडायची राहिली.