न टोचलेली काच

बाळांनो, माझा पाय कसा आहे असं तुम्ही दर रविवारी फोनवर विचारता. पाय बरा आहे. पण तो कसा वाचला, हे फोनवर सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

मधुमेहापायी तुमच्या आजोबांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला आणि दीड वर्षात ते गेले. तेव्हापासून देवाशी माझं बोलणं तुटल्यासारखं झालं होतं. नेम मात्र मोडला नाही. मधुमेह मलाही आहेच. सकाळी उठून साखर तपासायची, आकडा वहीत लिहायचा, नदीच्या बालाजी घाटावर स्नान करून सोवळं नेसायचं, देवळाच्या पायऱ्या अनवाणी चढून दर्शन घ्यायचं आणि घरी येऊन इन्सुलिन व नाश्ता. सगळं घड्याळाप्रमाणे. हात जोडलेले असायचे आणि मनात तक्रार असायची की असाच नेम जन्मभर करणाऱ्या माणसाचा पाय तू का घेतलास?

गेल्या कार्तिकात दर्शन घेऊन उतरत होते. घाटाच्या कट्ट्यावर एक नर्स रजिस्टर उघडून बसली होती. सरकारी आरोग्य केंद्रातली, इथलीच हिंदी बोलणारी, पुष्पा नाव. तिशीपुढच्या प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब तपासायचा आणि ज्यांना मधुमेह आहे त्यांचे पायही बघायचे, असं सरकारी धोरण आहे. त्यासाठी ती दुर्गाघाटावरच्या आमच्या गल्लीत तीनदा येऊन गेली होती. तिन्ही वेळा मी दर्शनाला गेलेली.

“दुर्गाघाटवाली माताजी ना? आपके दरवाज़े का ताला तो मुझे पहचानने लगा है,” ती हसून म्हणाली. “पैर दिखाइए.”

मी मागे सरकले. माझे मोठे डॉक्टर आहेत, मी सोवळ्यात आहे, मला शिवू नकोस, असं मी तिला जरा तोऱ्यातच सांगितलं.

“माताजी, पैर छूने से आशीर्वाद मिलता है, छूत नहीं लगती,” ती म्हणाली आणि खाली बसून तिने माझं पाऊल आपल्या मांडीवर घेतलं.

मग मला डोळे मिटायला सांगितलं. एक बारीक नायलॉनचा तंतू पायाला लावीन, लागला की हो म्हणा, एवढंच. मी वाट पाहत राहिले. बराच वेळ गेल्यावर म्हटलं, “अगं, शुरू तो करो!”

 डोळे उघडले, तर तंतू माझ्या अंगठ्यावर टेकून वाकला होता. तशाच पाच जागा तिच्या तपासून झाल्या होत्या आणि मला एकही कळली नव्हती. मग तिने पाऊल उजेडाकडे वळवलं. टाचेजवळ हिरव्या बांगडीची काच रुतली होती आणि भोवती पू धरला होता. किती दिवस मी ती पायात घेऊन देवळाच्या पायऱ्या चढत होते, कोण जाणे. इतकी वर्षं आकडे लिहिले, पण तळपाय कधी उलटा करून पाहिला नव्हता.

पाय टेकायचा नाही, असं तिने बजावलं. घाटावरच्या दोघा मल्लाहांनी, म्हणजे नावाड्यांनी, मला खुर्चीत बसवून उचललं. त्यातला म्हातारा म्हणाला, “माताजी, डोली में बैठने की उमर फिर आ गई!” मला हसूही आलं आणि रडूही.

रुग्णालयात डॉक्टरांनी काच काढली, जखम उघडून साफ केली. आणखी आठवडाभरात विष हाडात गेलं असतं आणि आजोबांच्याच वाटेने जावं लागलं असतं, असं ते म्हणाले. पुढे सहा आठवडे पुष्पा घरी येऊन पट्टी बदलत होती. तिच्या रजिस्टरात माझ्यासारखी कितीतरी नावं होती, आणि प्रत्येकाच्या दारात ती अशीच वाकत असणार.

आजोबांचा पाय का गेला, याचं उत्तर मला आजही मिळालेलं नाही. पण मी नेमाला समर्पण समजत होते. त्यात सारं माझ्याच हातात होतं, वेळ, वही, सोवळं. त्या सकाळी पहिल्यांदाच माझ्या हातात काही नव्हतं, आणि जिला मी शिवू नकोस म्हटलं तिच्या मांडीवर माझा पाय होता. आता मी मऊ चपला घालूनच देवळापर्यंत जाते. गाभाऱ्यासमोर उभी राहिले की देवाचा चेहरा नाही, त्याचे पाय आधी दिसतात, आणि त्यांच्यापाशी वाकून बसलेलं कुणीतरी.